‘नो ग्रोथ’ आल्यानंतर: हृदयाच्या झडपेतल्या जंतूचा माग कसा काढायचा

ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघायची तपासणी, पाठवलं की पाच दिवसांनी लॅबमधून कागद येतो: ‘नो ग्रोथ’, काही उगवलं नाही. इकडे इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) माइट्रल ह्या डाव्या बाजूच्या झडपेवर ११ मिलिमीटरचं वेजिटेशन, म्हणजे जंतूंची गाठ, हलताना दिसतंय, ताप महिनाभर हटलेला नाही, लघवीत रक्तपेशी आहेत, वजन सहा किलोनं उतरलंय. नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला: “डॉक्टर, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, म्हणजे जंतू नाहीत ना?” वॉर्डातला नवा रेसिडेंटही मनातून थोडंफार तसंच धरून चालतो. ह्या गैरसमजापायी झडपा जातात, माणसं जातात. म्हणून हे सगळं मराठीत, सविस्तर लिहितो आहे: आपल्या रेसिडेंट मुलामुलींसाठी, आणि ज्यांच्या घरचं माणूस सहा आठवडे सलाइनला बांधलं जाणार आहे त्यांच्यासाठीही. डोस डॉक्टरांच्या माहितीसाठी आहेत, घरी वापरायला नाहीत.

झडपेच्या संसर्गात, म्हणजे इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिसमध्ये, जगभरात ढोबळमानाने दहापैकी एक ते तीन रुग्णांचं ब्लड कल्चर निगेटिव्ह येतं. आपल्या देशात अनेक ठिकाणी हे प्रमाण ह्याहून बरंच जास्त भरतं. कारण अगदी साधं आहे: कल्चर घेण्याआधीच अँटिबायोटिक देऊन झालेलं असतं.

इंदुरात, आणि धार, झाबुआ, खरगोन, देवासकडून इथे येणाऱ्या रुग्णांच्या फायलीत ही वाट पुन्हा पुन्हा दिसते. ताप आला, गल्लीतल्या दवाखान्यात विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी झाली, ती ‘पॉझिटिव्ह’ आली आणि मोतीझरा, म्हणजे टायफॉइड, ठरला. सेफ्ट्रायक्झोन १ ग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. ताप उतरला, माणूस घरी गेला. दहा-बारा दिवसांनी पुन्हा संध्याकाळची कसर, अंगदुखी. ‘मोतीझरा बिघडला’ म्हणून पुन्हा तेच इंजेक्शन. तिसऱ्या फेरीला निदान होईना म्हणून टीबीची औषधं सुरू. त्यातलं रिफॅम्पिसिन स्टॅफिलोकॉकस, ब्रुसेला, बार्टोनेला अशा कितीतरी जंतूंना दाबतं. ताप थोडा खाली येतो आणि ‘बघा, टीबीच होता’ असा शिक्का बसतो. एकट्या विडालचा भरवसा फार कमी. जुना टायफॉइड, लस, भलताच ताप, कशानेही ती वर जाते. ज्याला लहानपणी सांधेतापानं झडपेचा आजार झालाय, ज्याला कृत्रिम झडप बसवलीय किंवा ज्याच्या छातीत मर्मर (झडपेचा जादा आवाज) ऐकू येते, त्याला ताप आला तर विडालच्या आधी ब्लड कल्चर, हा नियम प्रत्येक दवाखान्यानं भिंतीवर लावावा असं मला मनापासून वाटतं.

पाच दिवसांच्या इंजेक्शनानं ताप उतरतो पण आजार का राहतो, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. वेजिटेशन म्हणजे फायब्रिन आणि प्लेटलेट्सच्या थरांत गाडलेली जंतूंची वसाहत. एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू, त्यातले आतले जवळजवळ निजलेले. तिथे रक्तवाहिनी नाही, पांढऱ्या पेशी पोचत नाहीत, औषधही फक्त पाझरून आत जातं. बीटा-लॅक्टॅम औषधं (पेनिसिलिन, सेफ्ट्रायक्झोनच्या जातीची) वाढणाऱ्या जंतूला मारतात. निजलेल्याला फारशी नाहीत. त्यामुळे रक्तातले जंतू दोन दिवसांत साफ होतात, कल्चर निगेटिव्ह होतं, आणि आतले तसेच राहतात.

म्हणून निगेटिव्ह कल्चर हातात आलं की आधी चार गोष्टी तपासायच्या. आधी औषध गेलं होतं का? रक्त पुरेसं आणि नीट घेतलं होतं का? जंतू बाटलीत न वाढणाऱ्या जातीचा आहे का? आणि हा संसर्गच आहे का, की झडपेवर दुसरंच काही आहे?

रक्त घेण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि सुधारायला पैसाही फारसा लागत नाही. हवे आहेत तीन संच, तीन वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून, एकमेकांत निदान ३० मिनिटांचं अंतर ठेवून. एका संचात दोन बाटल्या, एक एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी), एक ॲनएरोबिक (हवेविना वाढणाऱ्यांसाठी). मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. म्हणजे एकूण ६० मिलीच्या आसपास. “एवढं रक्त?” असं घरचे विचारतात. रक्तदानात ३५० मिली घेतात, हे सांगितलं की पटतं. प्रत्यक्षात होतं काय, तर एकाच टोचण्यात ४-५ मिली ओढून एका बाटलीत घालतात. एक मिली रक्तात जंतू बऱ्याचदा मोजकेच असतात. रक्त कमी घेतलं की सापडण्याची आशाही आटते.

बाटलीच्या लेबलवर मिलीच्या खुणा छापलेल्या असतात. टोचण्याआधी द्रावणाची पातळी जिथे आहे तिथे पेनानं रेघ मारा, वर १० मिली मोजून दुसरी मारा. बाटली सरळ, रुग्णाच्या हातापेक्षा खाली धरा. आतल्या व्हॅक्यूमवर भरवसा ठेवला तर कधी कमी भरते, कधी जास्त. झाकणाचं प्लास्टिक काढल्यावर खालचं रबर निर्जंतुक नसतं, ते ७० टक्के अल्कोहोलनं पुसून वाळू द्यायचं. कातडीला अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडीन ३० सेकंद चोळून लावायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. घाईत ओल्या कातडीत सुई घातली, पुन्हा बोटानं शीर चाचपली, की कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस बाटलीत उतरतो आणि मग खरं कोणतं, खोटं कोणतं हा घोळ. बटरफ्लाय सुई असेल तर एरोबिक बाटली आधी, कारण नळीतली हवा पहिल्या बाटलीत जाते; सिरिंजनं घेत असाल तर ॲनएरोबिक आधी. आधीपासून लावलेल्या कॅन्युलातून किंवा सेंट्रल लाइनमधून घ्यायचं नाही. आणि ताप चढायची वाट बघत बसू नका: ह्या आजारात जंतू रक्तात सतत उतरत असतात.

पैशांची अडचण असेल आणि तीनच बाटल्या घेता येत असतील, तर तीन टोचण्यांतून तीन एरोबिक घ्याव्यात. एका टोचण्याच्या तीन बाटल्या नकोत. रुग्ण शॉकमध्ये असेल तर तासाभरात दोन-तीन ठिकाणांहून रक्त घेऊन लगेच औषध सुरू करायचं, तिथे घड्याळ बघत बसायचं नाही.

बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत, रविवार असला तरी. खोलीच्या तापमानाला ठेवून शक्यतो दोन तासांत मशीनमध्ये. औषध आधीच चालू असेल तर रेझिन किंवा पॉलिमरचे मणी असलेल्या बाटल्या मागवा, ते मणी रक्तातलं अँटिबायोटिक शोषून घेतात. आणि रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी घ्या. मेलेला जंतू मात्र कुठलीच बाटली जिवंत करत नाही.

लॅबच्या फॉर्मवर ‘ताप’ एवढंच लिहून पाठवू नका. ‘एंडोकार्डायटिसची शंका’, कृत्रिम झडप आहे का, कुठलं अँटिबायोटिक कधीपर्यंत, गुरांशी संबंध, हे लिहा. त्यावर लॅबचं वागणं बदलतं. पूर्वी हॅसेक गटातल्या (तोंडा-घशातल्या, सावकाश वाढणाऱ्या) हट्टी जंतूंसाठी बाटल्या दोन-तीन आठवडे ठेवत; आजच्या स्वयंचलित मशीनमध्ये ते पाच दिवसांत उगवतात. कृत्रिम झडपेत क्युटिबॅक्टेरियम ह्या कातडीवरच्या जंतूची शंका असेल तर मात्र १४ दिवस ठेवायला सांगा. कधी मशीन ‘पॉझिटिव्ह’ म्हणून इशारा देतं आणि ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर, काहीच दिसत नाही. तो खोटा इशारा म्हणून बाटली फेकू नये. ब्रुसेला अतिशय बारीक, फिकट लाल वाळूच्या कणांसारखा दिसतो आणि नजरेतून सहज निसटतो. ॲक्रिडीन ऑरेंज हा चमकणारा रंग लावून पुन्हा बघावं. ग्रॅममध्ये साखळ्या दिसतात पण नेहमीच्या प्लेटवर काही उगवत नाही, तेव्हा ॲबियोट्रोफिया किंवा ग्रॅन्युलिकॅटेला असू शकतो: प्लेटवर स्टॅफिलोकॉकसची एक रेघ ओढली की तिच्या कडेकडेनं बारीक कॉलनी उठतात, कारण त्यांना हवं असलेलं पायरिडॉक्सल तो पुरवतो. ब्रुसेलाची शंका आधी कळवणं लॅबमधल्या माणसांच्या जिवासाठीही गरजेचं आहे; उघड्या टेबलावर प्लेट हाताळताना तो श्वासातून जातो.

रुग्ण स्थिर असेल, हार्ट फेल्युअर नसेल, आणि आधी औषध घेऊन झालेलं असेल, तर औषध थांबवून काही दिवसांनी पुन्हा कल्चर घेणं ही शहाणपणाची पायरी आहे. दोन-तीन दिवसांचाच कोर्स झाला असेल तर थोड्या दिवसांत जंतू परत दिसतात. लांब कोर्सनंतर आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. ‘औषध बंद करून नुसते बसलात’ असा घरच्यांचा राग होतो, तेव्हा कारण त्यांना बसवून समजावलं पाहिजे. पण गळू, वाढता दम, मेंदूत गेलेली गुठळी असं काही असेल तर थांबायचं नाही.

कल्चरच्या बरोबरीनं पहिल्याच दिवशी ५ मिली रक्ताचं सिरम वेगळं काढून गोठवून ठेवा. अँटिबॉडीच्या चाचण्या पुढे लागल्या तर हाच नमुना उपयोगी पडतो.

आता गप्पा. हो, गप्पाच, कारण बाटलीत न वाढणारा जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या तोंडूनच सापडतो. राजेंद्र नगरातल्या काकू असोत की निमाडातला शेतकरी, प्रश्न घरातल्या भाषेत विचारायचे. “काकू, दूध कुणाकडून येतं? तापवून घेता की धारोष्णच?” धारोष्ण दूध पौष्टिक, ही समजूत आपल्या घरांत खोलवर आहे आणि ब्रुसेलाची ती थेट वाट आहे. “गोठ्यात एखादी गाय-म्हैस गाभडली होती का? वार कुणी ओढली?” गाभडलेल्या जनावराच्या वारेत ब्रुसेला कोट्यवधींनी असतो, आणि क्यू फीव्हरचा कॉक्सिएलाही: शेळ्या-मेंढ्या विताना उडणाऱ्या थेंबांतून, वाळलेल्या धुळीतून तो श्वासात जातो. माणूस स्वतः गोठ्यात गेलेला असायलाच हवा असं नाही. वाफवलेल्या खरवसाची भीती बाळगू नका, उकळलेल्या दुधाच्या दह्याचीही नाही; कच्च्या दुधाचं पनीर आणि उघड्या हातांनी काढलेली वार ह्यांची बाळगा. मांजरं, विशेषतः पिल्लं, आणि त्यांच्या पिसवा: बार्टोनेला हेन्सेले. अंगावरच्या कपड्यांतल्या उवा, रस्त्यावरचं जिणं: बार्टोनेला क्विंटाना. गेल्या काही वर्षांत ओपन हार्ट सर्जरी झालीय? मायकोबॅक्टेरियम किमेरा नावाचा जंतू ऑपरेशन थिएटरातल्या हीटर-कूलर यंत्राच्या पाण्यातून उडून झडपेवर बसल्याचं जगभर दिसलंय, आणि तो महिने-वर्षं उलटल्यावर डोकं वर काढतो.

चाचण्यांत ब्रुसेलासाठी आधी रोझ बेंगाल, मग ट्यूब ॲग्लुटिनेशन, दोन्ही अँटिबॉडी शोधणाऱ्या. आपल्याकडे १:१६० किंवा वर (म्हणजे सिरम एवढं पातळ करूनही पॉझिटिव्ह) आणि लक्षणं जुळत असतील तर गंभीरपणे घ्यायचं. अँटिबॉडी फार जास्त असल्या की पातळ न केलेला नमुना निगेटिव्ह दाखवतो, म्हणून लॅबला १:३२०च्या पुढेपर्यंत पातळ करून बघायला सांगा. कॉक्सिएलाच्या दोन अवस्थांच्या अँटिबॉडी मोजतात आणि इथे नेहमी गोंधळ होतो: ताज्या तापात फेज २ वर असते, झडपेत मुरलेल्या आजारात फेज १ची आयजीजी, म्हणजे टिकून राहणारी अँटिबॉडी, चढते. ती १:८००च्या वर असेल तर एंडोकार्डायटिस ठरवायच्या २०२३च्या ड्यूक-आयएससीव्हीआयडी निकषांत तो मुख्य पुरावा धरतात. बार्टोनेलाची आयजीजी १:८०० किंवा जास्त असेल तर तोही मुख्य पुरावा. ह्या जंतूंच्या अँटिबॉडी एकमेकांत मिसळतात. पूर्वी क्लॅमिडियाचे म्हणून नोंदवलेले कितीतरी रुग्ण मुळात बार्टोनेलाचे होते.

बार्टोनेलाचा एक फसवा चेहरा आवर्जून सांगायला हवा. तो मूत्रपिंडाला सूज आणतो आणि एएनसीए ही स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीची चाचणी पॉझिटिव्ह करतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) वाढतंय, लघवीत रक्त, एएनसीए पॉझिटिव्ह, कल्चर निगेटिव्ह. सगळं व्हॅस्क्युलायटिससारखं (रक्तवाहिन्यांच्या सुजेसारखं) दिसतं आणि कुणीतरी स्टेरॉइडचा मोठा डोस लिहितं. आत झडप सडत राहते. एएनसीए पॉझिटिव्ह आणि ताप असलेल्या प्रत्येक रुग्णाचा इको स्टेरॉइडच्या आधी व्हावा.

आणि कधी कधी खरंच संसर्ग नसतो. ल्युपस, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, लपलेला कर्करोग ह्यांत झडपेवर जंतूविना गुठळ्या बसतात. एएनए, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनच्या अँटिबॉडी तपासा. उतारवयात वजन उतरलं असेल तर पोटाचा सीटी. डाव्या कप्प्यातला मिक्सोमा (साधा ट्यूमर), सांधेतापानं जाड झालेल्या झडपेची जुनी गाठ, कृत्रिम झडपेवर आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) खाली गेल्यामुळे झालेली गुठळी, हीसुद्धा वेजिटेशनसारखीच दिसतात.

इको छातीवरून करतात तेव्हा साध्या, म्हणजे मूळच्या, झडपेतलं वेजिटेशन दहापैकी सातेकदा दिसतं, कृत्रिम झडपेत निम्म्याच वेळा. अन्ननलिकेतून केला तर नव्वद टक्क्यांच्या पुढे. पहिला निगेटिव्ह आला आणि शंका घट्ट असेल तर ५ ते ७ दिवसांनी पुन्हा. कृत्रिम झडपेत पेट-सीटीची, म्हणजे किरणोत्सारी साखर कुठे जमते ते दाखवणाऱ्या स्कॅनची, मोठी मदत होते, पण तयारी चुकली की पैसे पाण्यात. हृदयाच्या स्नायूनं साखर ओढू नये म्हणून आदल्या दिवशी पूर्ण बिनसाखरेचं, भरपूर स्निग्ध जेवण आणि नंतर बारा तास उपास. आपल्याकडे ‘हलकं खाऊन या’ सांगितलं की माणूस सकाळी पोहे-जिलबी खाऊन येतो आणि चित्रात सगळं हृदय पेटलेलं दिसतं. पोहे, पोळी, भात, वरण, फळं, दूध, चहातली साखर, सगळं बंद. पनीर, तूप, लोणी, चालत असेल तर अंडी. कागदावर लिहून द्या. साध्या झडपेत पेट निगेटिव्ह आला तरी आजार नाही असं म्हणता येत नाही.

रोज करायच्या गोष्टींत ईसीजी विसरला जातो. महाधमनीच्या झडपेचा संसर्ग असेल तर पीआर अंतर (वरच्या कप्प्यातून खाली विद्युत लहर पोचायला लागणारा वेळ) रोज मोजा; ते लांबत चाललं म्हणजे गळू विद्युतवाहिनीपर्यंत पोचलंय. नखं, डोळ्यांच्या पापण्या आतून, तळवे टॉर्चनं बघा, प्लीहा चाचपा.

उपचार. जंतू माहीत नसताना सुरुवात कशानं करायची? युरोपीय हृदयरोग संस्थेच्या २०२३च्या मार्गदर्शनात, समाजातून झालेला साध्या झडपेचा संसर्ग किंवा वर्षाहून जुन्या कृत्रिम झडपेचा संसर्ग असेल तर ॲम्पिसिलिनबरोबर सेफ्ट्रायक्झोन, किंवा ॲम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन आणि जेंटामायसिन असा पर्याय आहे. मूत्रपिंड नीट असलेल्या ६० किलोच्या माणसाला हे असं बसतं: ॲम्पिसिलिन २ ग्रॅम दर ४ तासांनी, सेफ्ट्रायक्झोन २ ग्रॅम दर १२ तासांनी, दुसऱ्या पर्यायात क्लॉक्सासिलिन २ ग्रॅम दर ४ तासांनी आणि जेंटामायसिन १८० मिग्रॅ दिवसातून एकदा. क्रिएटिनिन थोडं जरी वर असेल तर मी पहिल्या पर्यायाकडे झुकेन. झडप बसवून वर्ष झालं नसेल किंवा संसर्ग हॉस्पिटलातून आला असेल तर व्हँकोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन, जोडीला जेंटामायसिन आणि रिफॅम्पिसिन.

कोर्स साध्या झडपेला बहुधा ४ ते ६ आठवडे, कृत्रिम झडपेला निदान ६. दवा बाजारात ॲम्पिसिलिन स्वस्त मिळतं, पण हिशेब आधीच सांगून ठेवा: १ ग्रॅमच्या १२ कुप्या रोज, सहा आठवड्यांच्या ५०४. ॲम्पिसिलिन विरघळवल्यावर फार टिकत नाही. प्रत्येक डोस ताजा, नॉर्मल सलाइनमध्ये. रात्री दोनचा आणि सकाळी सहाचा डोस हे सगळ्यात जास्त चुकणारे डोस. नोंदवहीवर सही असते, शिरेत औषध गेलेलं नसतं. घरचं कुणी सोबत असेल तर त्यांनी वेळा लिहून ठेवाव्यात, ह्यात सिस्टरवर अविश्वास नाही. हाताच्या शिरा आठवड्यातच सुजतात, म्हणून पहिल्या आठवड्यातच पीआयसीसी लाइनचा (दंडातून मोठ्या शिरेत नेलेल्या नळीचा) विचार. सेफ्ट्रायक्झोन रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळायचं नाही, कॅल्शियमशी साका धरतो. जेंटामायसिन चालू असताना क्रिएटिनिन आठवड्यातून दोनदा, डोसच्या आधीची रक्तातली पातळी लिटरला १ मिग्रॅच्या खाली, आणि रोज विचारायचं: कानात आवाज येतो का, चालताना तोल जातो का? तोल गेला की तो बहुधा परत येत नाही. कृत्रिम झडपेचा रुग्ण बऱ्याचदा रक्त पातळ करणारं अ‍ॅसेनोकुमारॉल घेत असतो. रिफॅम्पिसिन सुरू झालं की आयएनआर धाडकन खाली येतो, आणि रिफॅम्पिसिन बंद झालं की पंधरवड्यात वर उसळतो. दोन्ही वेळा वारंवार तपासणी हवी.

जंतू सापडला की सगळं बदलतं, कारण ब्रुसेला, कॉक्सिएला ह्यांच्यावर ॲम्पिसिलिन-सेफ्ट्रायक्झोन कितीही ओतलं तरी आजार हलत नाही. ब्रुसेलाला डॉक्सिसायक्लिन २०० मिग्रॅ रोज, को-ट्रायमॉक्साझोल ९६० मिग्रॅ दर १२ तासांनी आणि रिफॅम्पिसिन ३०० ते ६०० मिग्रॅ रोज, तीन ते सहा महिने. सुरुवातीचे काही आठवडे स्ट्रेप्टोमायसिन १५ मिग्रॅ प्रतिकिलो जोडता येतं. बहुतेकांना झडपही बदलावी लागते. बार्टोनेलाला डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दर १२ तासांनी ४ आठवडे आणि जेंटामायसिन ३ मिग्रॅ प्रतिकिलो २ आठवडे. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर जेंटामायसिनच्या जागी रिफॅम्पिसिन. हॅसेकला सेफ्ट्रायक्झोन २ ग्रॅम रोज, ४ आठवडे, कृत्रिम झडपेत ६. बुरशी असेल तर लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन किंवा व्होरिकोनाझोल, आणि ऑपरेशन टाळता येत नाही. ॲस्परजिलस ब्लड कल्चरमध्ये क्वचितच उगवतो, तो कधी पायाच्या धमनीत अडकलेल्या मोठ्या गुठळीत सापडतो, म्हणून काढलेली प्रत्येक गुठळी लॅबला गेली पाहिजे.

कॉक्सिएलाचा उपचार सगळ्यात लांब: डॉक्सिसायक्लिन २०० मिग्रॅ आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० ते ६०० मिग्रॅ रोज, साध्या झडपेला १८ महिने, कृत्रिम झडपेला २४. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पेशीच्या आतली आम्लता कमी करतं, तेव्हाच डॉक्सिसायक्लिन तिथल्या जंतूला मारू शकतं. सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा, जी-६-पीडी (रक्तपेशीतलं एन्झाइम) आणि ईसीजीतलं क्यूटी अंतर तपासा. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, दुधाबरोबर नको, घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ह्या गोळ्यांवर ऊन कातडी भाजतं. निमाडच्या मे महिन्यात शेतावर जाणाऱ्याला पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला पंचा, शक्यतो सकाळ-संध्याकाळचंच काम. दीड वर्ष रोज गोळी घ्यायची तर हे आधी बोलून ठरवावं लागतं.

उपचाराला दाद मिळतेय का? ताप साधारण आठवड्यात उतरायला हवा, सीआरपी (शरीरातली सूज मोजणारी रक्ततपासणी) दर आठवड्याला खाली. तशीच दुसरी तपासणी, ईएसआर, सावकाश उतरतो, त्यावर घाबरू नका. दहाव्या दिवशीही ताप असेल तर पुन्हा अन्ननलिकेतून इको, पोटाचा सीटी, शिरांची सूज बघा, आणि सगळे प्रश्न नव्यानं विचारा. तिसऱ्या आठवड्यात बरा झालेला ताप अचानक परतला, अंगावर पुरळ, इओसिनोफिल वाढलेले किंवा पांढऱ्या पेशी उतरलेल्या, तर बीटा-लॅक्टॅमचा औषधताप मनात आणा.

ऑपरेशनची कारणं कल्चर निगेटिव्ह असलं तरी तीच: वाढतं हार्ट फेल्युअर, गळू किंवा हार्ट ब्लॉक, १० मिलिमीटर किंवा मोठं वेजिटेशन आणि गुठळी उडालेली, औषधाला न जुमानणारा संसर्ग. आणि झडप निघाली तो क्षण निदानाचा सोन्यासारखा क्षण असतो. तो बऱ्याचदा एका साध्या चुकीनं वाया जातो: सवयीनं सगळी झडप फॉर्मेलिनच्या डब्यात जाते. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो, डीएनए तुटतो, कल्चर संपलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डबे तयार करून, नावं चिकटवून थिएटरात पाठवा. निर्जंतुक रिकाम्या डब्यात एक तुकडा, थोड्या सलाइनमध्ये भिजता, कल्चरसाठी. दुसरा तसाच पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधायला), लगेच जात नसेल तर गोठवून. तिसरा फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला, ग्रॅम, पीएएस, वॉर्थिन-स्टॅरी, ग्रोकॉट आणि झील-नील्सन हे रंग लिहून. पीसीआरमध्ये १६एस म्हणजे जीवाणूंसाठी, बुरशीसाठी १८एस वेगळं मागावं लागतं. एक सावधगिरी: मेलेल्या जंतूचा डीएनए झडपेत महिनोन्‌महिने राहतो, त्यामुळे पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे उपचार फसला असं नाही. झडपेच्या कल्चरमध्ये जंतू जिवंत उगवला तर मात्र कोर्सचे दिवस ऑपरेशनपासून नव्यानं मोजायचे.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ‘कल्चर निगेटिव्ह एंडोकार्डायटिस, उपचार केले’ एवढंच लिहू नका. कुठल्या तारखेपासून कुठलं औषध, किती डोस, कल्चर घेण्याआधी काय गेलं होतं, कुठल्या अँटिबॉडी तपासल्या आणि आकडा काय आला, झडपेचा तुकडा कुठल्या लॅबला आहे, हे सगळं. पुढचा डॉक्टर कदाचित उज्जैनला असेल किंवा पुण्याला. शेवटच्या इकोची प्रत सोबत द्या, म्हणजे उरलेली जुनी गाठ नवी समजून कुणी पुन्हा सहा आठवडे लावणार नाही. आणि दाताचा इलाज हॉस्पिटलात असतानाच करून घ्या. एकदा हा आजार झालेल्याला पुढे दात काढताना किंवा हिरडीवर काम होताना, ३० ते ६० मिनिटं आधी अ‍ॅमॉक्सिसिलिन २ ग्रॅम एकदाच, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर. कार्डाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत, हिंदीतही.